इंग्लंडमध्ये मारलेला डिपर

नागपुरात बायकांना मोटार शिकवायला लागून मला चोवीस वर्षं झाली. मानेवाड्याच्या चौकातून रोज सकाळी कपाळावर लाल ‘एल’ लावलेली पांढरी गाडी जाताना दिसते आणि तिच्यात बाजूच्या सीटवर एक जाडी बाई हातवारे करत असते, ती मी. प्राध्यापिका, नर्सा, सासूपासून लपून शिकणाऱ्या सुना, साठीनंतर हौस आलेल्या आज्या, सगळ्यांना मी रस्त्यावर आणलं. त्यामुळे परदेशातल्या रस्त्यांवर मला काही नवीन बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. बुटीबोरीहून सुटलेल्या ट्रकच्या रांगेत जिने गाडी घुसवली, तिला इंग्लंड काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी विमानात बसले. तो तोरा किती दिवस टिकला ते आता सांगते.

जायचं कारण माझी मुलगी प्रज्ञा. ती नर्स आहे आणि दोन वर्षांपासून यॉर्कशायर भागातल्या एका छोट्या गावात राहते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मी जे केलं ते वाचून कुणी ओळखायला नको. तिला तिथे बढतीची नोकरी मिळाली होती. खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. तिला अगदी हवं होतं तसं काम. अट एकच, तिथलं ड्रायव्हिंग लायसन पाहिजे. आपलं लायसन तिथे वर्षभर चालतं आणि ते वर्ष केव्हाच सरलं होतं. तिने दोनदा टेस्ट दिली आणि दोन्हीदा नापास झाली. तिसरी तारीख जूनमध्ये होती. महिनाअखेरपर्यंत ती जागा तिच्यासाठी ठेवली होती, त्यानंतर दुसऱ्याला देणार होते.

माझी मुलगी ड्रायव्हिंगमध्ये नापास! अठराव्या वर्षी माझ्याच बाजूला बसून शिकलेली, सक्करदऱ्याच्या बाजारातून गाडी अशी काढायची की भाजीवाले वळून बघायचे. “काहून नापास केलं वं तुले?” असं फोनवर विचारलं तर म्हणायची, “जराशी घाई झाली आई. जाऊ दे नं.” प्रज्ञाचे बाबा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. तेसुद्धा म्हणाले, “तू जाऊन ये. बाजूले बसशील त पोट्टी पास होईल.” मी संत्रा बर्फीचे दोन डबे भरले आणि निघाले.

पहिले दोन दिवस

विमानतळावरून गावापर्यंत दीड तासाचा रस्ता. प्रज्ञाची मैत्रीण गाडी चालवत होती, मी मागे बसले होते. वीसेक मिनिटांनी मला अस्वस्थ वाटायला लागलं आणि का ते कळेना. पोटात काही नव्हतं, कानात दडे नव्हते. मग उमगलं की हॉर्न नाही. एवढ्या गाड्या आजूबाजूने चाललेल्या आणि एकाचाही आवाज नाही. मला वाटलं, कुणीतरी मोठा माणूस गेला असेल आणि दुखवटा असेल. प्रज्ञाला हळूच विचारलं तर ती एवढी हसली की मैत्रिणीने वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा ड्युटीवर गेली आणि मी एकटी फिरायला बाहेर पडले. रस्त्यावर पांढरे पट्टे होते, त्यांच्या कडेला मी उभी राहिले. उजवीकडून निळी गाडी आली आणि माझ्यासमोर थांबली. मी तिच्या जाण्याची वाट बघू लागले. ती काही जाईना. आतला गृहस्थ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय. मागे आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, त्याही गप्प. बिचाऱ्याला पत्ता विचारायचा असेल म्हणून मी त्याच्या खिडकीपाशी गेले, वाकले आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं की मी इथली नाही, कालच आले. त्याने काच खाली केली आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “मॅडम, आपण रस्ता ओलांडणार आहात ना?” म्हणजे तो माझ्यासाठी थांबला होता! मी पट्ट्यांवरून अशी पळाले की पलीकडे पोचेपर्यंत एका पायातली चप्पल निसटली, आणि ती मी परत येऊन घेईपर्यंत तिन्ही गाड्या उभ्याच.

हे मी विनोद म्हणून सांगतेय, पण त्या दिवशी घरी येऊन मी खुर्चीत बसले तेव्हा हसू येत नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात, लग्नाची वरात सोडली तर, माझ्यासाठी रस्ता थांबला नव्हता. धक्का बसला तो असा.

मग तर रोजच काही ना काही. संध्याकाळी सहाला लाल दिव्यापाशी एक गाडी उभी, चारी बाजूंना चिटपाखरू नाही, पोलीस नाही, तरी तो बाबा उभा. आपल्याकडे लाल दिव्याला लोक थांबतात ते उन्हाळ्यात चौकावर हिरवी जाळी बांधतात तेव्हा, सावलीसाठी. एकदा दोन पोरी घोड्यांवर बसून रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या आणि त्यांच्या मागे सात गाड्या घोड्याच्या चालीने. मी म्हटलं, “एक हॉर्न मारला तर घोडं बाजूले होईल नं!” प्रज्ञा म्हणाली, “आई, हॉर्न मारला तर घोडं बिचकेल, पोरगी पडेल.” ते खरंच होतं. माझ्या डोक्यात मात्र ते आलं नव्हतं.

जॉर्जकाका

शेजारी जॉर्ज नावाचे गृहस्थ राहायचे. वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर दुधाची गाडी चालवलेली. शिकाऊ माणसाच्या बाजूला तिथलं लायसन असलेलं कुणीतरी बसावं लागतं. माझं आपल्याकडचं लायसन त्याला चालत नव्हतं, हा मला आणखी एक अपमान. म्हणून प्रज्ञाच्या सरावाला जॉर्जकाका बसायचे आणि मला मागची सीट. मी एकटी मात्र तिची गाडी चालवू शकत होते, पाहुण्यांसाठी विमा काढून. याला काय म्हणावं? मी चालवलेली चालते, मी शिकवलेलं चालत नाही.

जॉर्जकाका काही शिकवायचेच नाहीत. मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, “छान.” मागे बसून मी ब्रेक दाबत होते. माझ्या शाळेच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक आहे, त्यामुळे उजवा पाय आपोआप दाबला जातो. तिथे पायाखाली नुसतं जाजम. एका फेरीनंतर मी त्यांना घरी बोलावून पाटवडी रस्सा खाऊ घातला. दुसऱ्या घासाला त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, कपाळावरून घाम वाहू लागला, तरी ते “छान” म्हणाले आणि बशी पुसून खाल्ली. त्यांच्या ‘छान’वर त्या दिवसापासून माझा विश्वास उडाला.

आता जे सांगायचं आहे त्याआधी डिपरबद्दल सांगायला हवं. दिव्याची दांडी बोटाने आपल्याकडे ओढली की समोरचे दिवे लखकन लागून विझतात, त्याला आपण डिपर मारणं म्हणतो. आपल्याकडे त्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक आहे. मी येतेय, तू थांब. माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला मी तिसऱ्या दिवशी हेच शिकवते. बाई गाडी चालवतेय असं दिसलं की समोरचा घुसतो, मागचा दाबतो, रिक्षावाला हसतो. म्हणून मी ओरडते, “घाबरू नको वं! डिपर मार! आधी तू दाखव की तू आहेस!” ज्या दिवशी एखादी पहिल्यांदा स्वतःहून डिपर मारते आणि समोरची मोठी गाडी थांबते, त्या दिवशी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या चेहऱ्यांसाठी मी चोवीस वर्षं उन्हातान्हात फिरले, हे खोटं नाही.

लाल गाडी आणि जांभळा कोट

पहिले तीन दिवस मी प्रज्ञाची छोटी लाल गाडी चालवली तेव्हा भलतीच गंमत झाली. आपल्या गाड्यांत दिव्याची दांडी उजवीकडे, तिच्या गाडीत डावीकडे. वळायचं म्हणून इंडिकेटर द्यायला जावं तर काच पुसायला वायपर सुरू. लख्ख उन्हात वायपर फडफडवत मी गावभर फिरले आणि लोक फुटपाथवरून बघत राहिले. चौथ्या दिवसापर्यंत हाताला डावी दांडी सापडली. सापडली नसती तर बरं झालं असतं.

रविवार होता. प्रज्ञाला सुट्टी होती आणि आम्ही दोघी बाजारात निघालो होतो. मी चालवत होते, ती बाजूला. गावातला मुख्य रस्ता अरुंद, दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या. पुढे दोन गाड्यांच्या फटीत एक म्हातारी दिसली. जांभळा कोट, बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसलेली, पुढच्या टोपलीत पाव. रस्ता ओलांडायला अगदी काठावर येऊन उभी होती. नागपुरात अशी एखादी आजी काठावर दिसली की मी जे करते तेच केलं. दोनदा डिपर मारला. मावशी, थांबा, मी निघून जाते.

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. हसली. हात वर करून तिने माझे आभार मानले आणि सरळ माझ्यापुढे आली.

मी ब्रेकवर उभीच राहिले. टायर किंचाळले. प्रज्ञा ओरडली, “आई!” गाडी थांबली तेव्हा बोनेटच्या पुढे मला जांभळा रंग दिसत होता आणि खुर्ची दिसत नव्हती. मला वाटलं, संपलं. बाईला मी मारलं.

प्रज्ञा दार उघडून धावली. तिच्यामागून मीही उतरले. बंपर आणि त्या खुर्चीच्या चाकात हातभर अंतर होतं, कोपरापासून बोटांपर्यंत असतं तेवढं. पाव रस्त्यावर पडला होता. म्हातारीचा वर केलेला हात अजून तसाच होता. आणि ती काय म्हणाली असेल? ती म्हणाली, “सॉरी, लव्ह. माझीच खुर्ची हळू चालते.”

तिने माझी माफी मागितली! मी तिला थांब म्हणून दरडावलं होतं, वर तिच्या अंगावर गाडी घातली होती, आणि ती माझी माफी मागत होती. कुणी शिव्या दिल्या असत्या, चार माणसं जमली असती, कॉलर धरली असती, तर मला कसं वागायचं ते कळलं असतं. इथे मागच्या गाड्या गप्प उभ्या. मी तिचा हात धरून रडायला लागले. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली. प्रज्ञाने पाव उचलून झटकला, टोपलीत ठेवला, तिला पलीकडे पोचवलं.

मी पुन्हा गाडीत जाऊन बसले होते. परत येऊन प्रज्ञा माझ्या खिडकीशी वाकून म्हणाली, “आई, समोर जागा आहे, तिथं बाजूले लाव गाडी.” मी लावली. ती शेजारी येऊन बसली तेव्हा किल्ली काढून तिच्या हातात दिली.

“म्हातारी निघाली काहून पण? मी डिपर मारला होता नं!” मी म्हटलं.

“म्हणूनच निघाली.” प्रज्ञा काचेबाहेर बघत होती. “इथं डिपर मारला म्हणजे आधी तुम्ही जा. आम्ही थांबलो. सगळे असंच समजतात.”

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने किल्ली पुढे काचेखाली ठेवली. मग म्हणाली, “दुसऱ्या टेस्टले मी हेच केलं, आई. अशीच बारीक गल्ली होती. समोरून गाडी येऊन राहिली होती, मी डिपर मारला. तो आला पुढं. मीही गेली पुढं. परीक्षकानं त्याच्या पायाजवळचा ब्रेक दाबला. तिथंच खतम झालं.”

“आणि पहिल्या टेस्टले?”

“हॉर्न. एक माणूस पट्ट्यावर पाय ठेवून राहिला होता.”

“मले काहून नाही सांगतलं तू?”

“तुले काय सांगू? तूच तर शिकवलं होतं मले.” ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते.

रुमालाची गाठ

त्या रात्री मी जेवले नाही. जॉर्जकाकांना प्रज्ञाने सगळं सांगितलं. ते चहा घेऊन आले आणि म्हणाले की नियमांच्या पुस्तकात खरं तर लिहिलंय की दिवा फक्त ‘मी इथे आहे’ एवढंच सांगण्यापुरता लावायचा. पण ते पुस्तक इथे कुणी पाळत नाही. इंग्रजही पुस्तक पाळत नाहीत हे ऐकून मला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

माझं परतीचं तिकीट टेस्टच्या चार दिवस आधीचं होतं. हातात दहा दिवस. मी ठरवलं की जी सवय मी लावली ती मीच मोडीन. दुसऱ्या दिवशी सरावाला निघताना प्रज्ञाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मी माझा रुमाल गुंडाळला आणि गाठ तळहाताच्या बाजूला ठेवली. माझ्या शाळेत गिअरच्या दांड्याला सतत चिकटून बसणाऱ्या बायकांसाठी ही युक्ती आहे. तळहाताने गिअर ढकलता येतो, दिव्याची दांडी खालीवर करून इंडिकेटर देता येतो, पण ती बोटांनी आपल्याकडे ओढायला गेलं की गाठ टोचते.

पहिल्या दिवशी गाठ अकरा वेळा टोचली. मागच्या सीटवरून मी मोजत होते. समोरून गाडी दिसली की तिचा हात जायचा, ती “आई गं” म्हणायची आणि मी मागून म्हणायची, “थांब. घाई नाही. त्याले जाऊ दे.” हे शब्द माझ्या तोंडून निघताना मलाच परके वाटत होते. उभ्या जन्मात मी कुठल्या बाईला ‘त्याले जाऊ दे’ म्हटलं नव्हतं. जॉर्जकाका खिडकीबाहेर बघत म्हणायचे, “छान.” सहाव्या दिवशी गाठ दोनदा टोचली. नवव्या दिवशी एकदाही नाही. निघताना रुमाल मी तिच्याकडेच ठेवला.

जाण्याआधी आम्ही त्या जांभळ्या कोटवाल्या आजीच्या घरी संत्रा बर्फीचा उरलेला डबा घेऊन गेलो. तिने चहा केला आणि विचारलं की तुमच्या गावातही गाड्या फार आहेत का. मी म्हटलं, आहेत थोड्या.

पुन्हा मानेवाडा

टेस्ट तिथल्या सकाळी आठला, म्हणजे आपल्या साडेबाराला. जूनमधलं ऊन, डांबर मऊ झालेलं, अशा वेळी मी कुणाला शिकवत नाही. पण घरात बसवेना. हे तर फोन हातात धरून पंख्याखाली पुतळ्यासारखे बसले होते. मी वैशालीला फोन केला. नवीन विद्यार्थिनी, पोरं शिकवणीला गेल्यावरच वेळ मिळणारी. म्हटलं, “ये, आज दुपारी घेते.”

दुपट्ट्याने चेहरा गुंडाळून वैशाली गाडी चालवत होती. तिचा चौथा दिवस, म्हणजे डिपर कालच शिकवायला हवा होता. मी शिकवला नव्हता. काय सांगावं तेच मला कळत नव्हतं. इथे कुणाला तिथलं शिकवलं तर ती दुसऱ्याच दिवशी चिरडून मरेल, आणि इथलं शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे तो वर केलेला हात येतो.

दीड वाजता फोन वाजला. गाडी कडेला घ्यायलाही मी सांगितलं नाही, चालत्या गाडीतच कानाला लावला.

“आई, झाली मी पास.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकून राहिली ना वं? एकच शेरा दिला त्यानं. एका बारीक गल्लीत जास्त वेळ थांबली म्हणे. तीन गाड्या जाऊ दिल्या मी.”

“चौथीलेही जाऊ द्यायचं होतं,” मी म्हटलं आणि रडू लागले. वैशालीने घाबरून विचारलं, “मॅडम, काय झालं? कोणी गेलं का?” मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात पुढे, दुभाजकाच्या फटीत, एक म्हातारी उभी दिसली. हिरवं लुगडं, काखेत पिशवी, उन्हात किती वेळची उभी होती कोण जाणे. वैशालीने विचारलं, “मॅडम, हॉर्न मारू?”

“ब्रेक दाब. थांब.”

गाडी थांबली. मागे लगेच चार हॉर्न सुरू झाले. म्हातारी हलेना. मी काच खाली करून हाताने खूण केली, “जा नं मावशी.”

“तूच जा नं वं! काहून थांबली?” ती ओरडली. तिला वाटलं आम्ही तिला फसवतोय.

“तुमच्यासाठी थांबलो. या.”

तिने मागच्या गाड्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि निघाली. निघताना तिने हात वर केला. तळहात आमच्याकडे, बोटं ताठ, पूर्ण रस्ता ओलांडेपर्यंत तो हात तिने खाली घेतला नाही. जांभळ्या कोटवाल्या आजीनेही असाच हात वर केला होता. पण ही आभार मानत नव्हती. ही माझ्या गाडीला सांगत होती, अंगावर येऊ नको.